भाड्याच्या घरातला निवद

"ओगातासाहेब, हा बाबा फोनवर कुणापुढं वाकतोय एवढा?"

"घरमालकांपुढे," ओगातासाहेब हळूच म्हणाले. "आपल्यासाठी घर मागत आहेत."

"पण मालक तर फोनच्या पलीकडं. त्याला काय दिसतंय?"

"दिसत नाही. पण वाकून बोललेलं ऐकू येतं, मानेसर."

दलालानं फोन ठेवला, कपाळ पुसलं आणि आमच्याकडं बघून हसला. जपानी माणूस अडचणीत आला की हसतो, हे तोवर मला कळलं होतं. ओगातासाहेबांनी त्याचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "मालक म्हणतात, जरा कठीण आहे."

"कठीण म्हणजे किती कठीण?"

"कठीण म्हणजे नाही."

सकाळपासनं हेच चाललं होतं. एकाला परदेशी माणूस कठीण, एकाला मसाल्याचा वास कठीण. एकानं तर मी कबड्डी शिकवतो म्हणल्यावर विचारलं, घरात उड्या मारणार का.

मी वाळव्याकडचा. कबड्डीशिवाय मला दुसरं काही येत नाही. शाळा आठवीत सुटली ती मैदानापायी, आणि पुढं पोट भरलं तेही मैदानावरच. गुडघा गेला तसा पोरं शिकवायला लागलो. शिकवता शिकवता कुणीतरी माझं नाव सुचवलं, तर थेट जपानात. ओसाकापासनं तासाभराच्या अंतरावर एक गाव, तिथल्या कॉलेजात. पोरं चपळ, शब्दाला पक्की. फक्त चढाईला जाताना आधी समोरच्याला वाकून नमस्कार करायची. ते मोडण्यात माझा निम्मा सीझन गेला.

ओगातासाहेब त्या कबड्डी मंडळाचे सचिव. इंजिनियर होते, नोकरीत बरीच वर्षं पुण्यात काढलेली. मराठी शिकले ती पेठेतल्या घरमालकीण बाईंकडनं, त्यामुळं माझ्यापेक्षा शुद्ध बोलायचे. मला 'आपण' म्हणायचे. लग्नपत्रिका सोडली तर मला आयुष्यात कुणी 'आपण' म्हणलेलं नव्हतं.

मी राहायचो कॉलेजच्या जिमखान्यात, गाद्या ठेवायच्या खोलीत. एकट्याला ते महाल होतं. पण त्या वैशाखात आमची पोरगी उजवली, आणि शालन, म्हणजे माझी बायको, गावाकडं एकटी पडली. फोनवर म्हणायची, "आता मी भांड्यांशी बोलाय लागलीय. भांडी परत बोलाय लागायच्या आत मला न्या, न्हाईतर तुम्ही या." जावयानं तिचं तिकीट काढलं. पुढच्या आठवड्यात ती येणार होती आणि माझ्याकडं दार नव्हतं. घर मिळालं नाही तर तिला माघारी लावून द्यायची, आणि तिच्या मागनं मीही जाणार, हे माझं ठरलेलं होतं. एकटं राहणं आम्हा दोघांचंही झालं होतं. आणि एकदा माघारी गेलो असतो तर आठवी नापासाला परत कोण बोलावतंय?

दलालानं पेन खाली ठेवलं, परत उचललं. मग ओगातासाहेबांच्या कानाशी लागला. ओगातासाहेबांचा चेहरा पडला.

"एक घर आहे," ते मला म्हणाले. "स्वतंत्र. लाकडी. दोन खोल्या, अंगण, अंगणात फळाचं झाड. भाडं फारच कमी आहे."

"मग इतका वेळ का दडवलं?"

"आमच्याकडे एक गोष्ट आधी सांगावी लागते. सांगितल्यावर कुणी ते घर घेत नाही. तिथे... आधीचे गृहस्थ त्या घरातच वारले."

मी वाट बघत बसलो. पुढं काय आलंच नाही.

"बरं, मग?"

"मग काही नाही. वारले."

"कुणी मारलं?"

"नाही नाही. म्हातारे होते. अंथरुणातच."

"अहो साहेब, माणूस आपल्या घरात, आपल्या अंथरुणात गेला, ह्यापरीस चांगलं काय असतंय? आमच्यात त्याला भाग्य म्हणत्यात. आमच्या वाड्यावस्तीवर माणूस मेला नाही असं घर शोधलं तर गोठ्यात राहावं लागंल."

ओगातासाहेबांनी ते दलालाला सांगितलं. त्यानं परत विचारलं. ह्यांनी परत सांगितलं. मग दलाल उठला आणि मला एवढा वाकून नमस्कार घातला की मला वाटलं, आता मीच मालक झालो.

घरमालकीण हिरानोबाई, त्या वारलेल्या म्हाताऱ्याची लेक. साठीच्या आसपास, बारीक चणीच्या, दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या. किल्ली माझ्या हातात दिली ती दोन्ही हातांनी, हळदीकुंकवाचं वाण देतात तशी. चेहरा असा की आनंद झालाय का दुःख झालंय, काही पत्ता लागेना. ओगातासाहेबांनी जाता जाता मला सांगितलं, "बाई म्हणाल्या, शेजाऱ्यांची फार इच्छा नव्हती. तरी त्यांनी हो म्हटलं आहे. आपण सांभाळून राहावं."

"कबड्डीवाला हाय मी. सांभाळून पाय टाकणं हाच धंदा."

टीमच्या पोरांनी येऊन घर पुसून काढलं, खाली नव्या चटया बसवल्या. गवताचा वास घरभर सुटला. मला ते घर आवडलं, खोटं कशाला सांगू.

शालन आली. स्टेशनापासनं घरापर्यंत चालत येताना बघत होती आणि बोलत होती. रस्ते किती चकाचक, माणसं किती गप, कुत्री कुठं गेली. दाराशी आल्यावर मी म्हणलं, "आत जायच्या आधी एक सांगतो." फोनवर सांगितलं असतं तर ती विमानातच बसली नसती, म्हणून मुद्दाम ठेवून दिलेलं.

"सांगा की."

"हितं आधी एक म्हातारा राहायचा. तो हितंच गेला."

"कधी?"

"झाली दोनेक वर्षं."

"जवळ कोण हुतं?"

"कोण न्हवतं. ओगातासाहेब म्हणत हुते, चार-पाच दिवस कुणाला कळलंच न्हाई."

ती उंबऱ्यावरच बसली. जपानात दाराच्या आत पायरी असते चपला काढायला, तिथं. मला वाटलं, आता भूतखेत काढणार. म्हणून मी घाईनं म्हणलं, "भ्यायचं काय कारण न्हाई. मी चार रात्री झोपलोय हितं."

"भ्या कोण लागलंय? कावळा शिवला हुता का?"

"हितं तसलं नसतंय, शालन. त्यांचा भटजी येतो, मंत्र म्हणतो, उदबत्त्या लावत्यात. सगळं रीतसर झालंय."

"आन् निवद?"

"त्यांच्यात ती पद्धत न्हाई."

"पद्धत न्हाई म्हणून भूक नसती व्हय माणसाला?" ती म्हणाली. "चार दिवस एकटा पडलेला जीव. कुणी घासभर ठेवला न्हाई त्याच्या नावानं. आन् त्याच्या चुलीवर मी तुमच्यासाठी भाकऱ्या थापू? मला न्हाई जमायचं. उद्या सकाळी निवद ठेवते. कावळा शिवला तर माझी पिशवी उघडते. न्हाई शिवला तर पिशवी आहे तशी उचलायची. तुम्ही ठरवा मग, माझ्याबरं यायचं का त्याच्याबरं राहायचं."

मी हसलो. कावळ्याची काळजी मला नव्हती. जपानचा कावळा तिनं बघितला नव्हता अजून. आपला कावळा त्याच्यापुढं चिमणी. चोच अडकित्त्यासारखी. कचरा बाहेर ठेवला तर वर जाळी टाकावी लागते, तरी जाळी उचलून खातो. मी म्हणलं, घास ठेवायचा अवकाश.

सकाळी तिनं आंघोळ केली, माझ्या एका शेगडीवर भात केला, वरण केलं, वर तूप सोडलं. प्रवासातल्या शिदोरीतला एक लाडू ठेवला. फळाच्या झाडाचं एक रुंद पान घेऊन अंगणाच्या भिंतीवर सगळं मांडलं, पाणी फिरवलं, आणि आम्ही दोघं हात जोडून मागं सरलो.

कावळे आले. एक आला, दोन आले, मग विजेच्या तारेवर रांगच लागली. समोरच्या घराच्या कौलावर बसले, झाडावर बसले. ओरडून गल्ली डोक्यावर घेतली. पण खाली एकही उतरेना. एक टपोरा भिंतीवर आला, तिरकी मान करून भात बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि उडून परत तारेवर.

"बघा," शालन म्हणाली. "काय तरी राहिलंय त्यांच्या मनात."

आमच्याकडं ह्याला उपाय असतो. माझे आण्णा गेले तेव्हा कावळा असाच अडून बसला होता. सगळी भावकी उन्हात उभी. शेवटी मी पुढं होऊन म्हणलं, आण्णा, धाकट्याला अंतर देणार नाही. तसा टपकन् शिवला. जे मनात राहिलंय ते बोलून मोकळं करायचं असतं. म्हणून मी पुढं झालो.

"आजोबा, झाड तोडणार न्हाई तुमचं."

कावळे ढिम्म.

"घर झाडूनपुसून ठेवू. भिंतीला खिळा ठोकणार न्हाई."

"खिळ्यासाठी अडलाय व्हय त्यांचा जीव?" शालन म्हणाली. मग स्वतः पुढं झाली. "बाबा, तुमच्या लेकीकडं आम्ही लक्ष ठेवू. सणावाराला बोलवू."

काही नाही. उलट आणखी दोन कावळे येऊन बसले, तमाशाला यावं तसे.

"अवो," ती म्हणाली, "त्यांना मराठी कुठं कळतंय?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी ओगातासाहेबांना फोन लावला, म्हणलं ताबडतोब या, एका म्हाताऱ्याशी बोलायचंय.

तेवढ्यात समोरच्या घराची खिडकी सरकली. आतल्या बाईनं तारेवरचे कावळे बघितले, भिंतीवरचा भात बघितला, आम्हाला बघितलं आणि खिडकी लावून घेतली. फार हळू लावली. तिथली माणसं चिडली की आवाज कमी करतात.

ओगातासाहेब सायकल मारत आले, आणि त्यांच्या मागोमाग चालत हिरानोबाई. कुणी त्यांना फोन केला ते सांगायला नको. ओगातासाहेबांनी भिंत बघून सायकल तशीच सोडून दिली.

"मानेसर, आपण हे काय केलंत? इथे कावळ्यांना कुणी खाऊ घालत नाही."

"गुन्हा हाय का?"

"गुन्हा नव्हे. त्याहून वाईट. शेजाऱ्यांना त्रास."

हिरानोबाई हात जोडल्यासारखे पुढं धरून बोलायला लागल्या. आवाज इतका मऊ की मला वाटलं चौकशी करतायत. ओगातासाहेब खाली बघत म्हणाले, "बाई म्हणतात, चूक त्यांचीच आहे. आपल्याला इथल्या रीती आधी सांगायला हव्या होत्या. शेजारी अस्वस्थ आहेत. त्यामुळे पुढे..." ते थांबले. "पुढे जरा कठीण आहे असं त्या म्हणतात."

कठीण म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. गाद्यांची ती खोली दिसली, विमानतळ दिसला.

"काय म्हणाल्या?" शालननं विचारलं.

"घर सोडा म्हणाल्या."

ती जराही हलली नाही. "ओगाताकाका," ती म्हणाली, "बाईंना सांगा, आम्ही कावळ्याला जेवाय घातलं न्हाई. त्यांच्या वडलांना घातलंय."

ओगातासाहेब भिंतीवरच्या पानाकडं बघत उभे राहिले. मग आमच्याशी मराठीत म्हणाले, "मी पुण्यात पाहिलं आहे. नदीकाठी. माझ्या घरमालकीण बाई गेल्या तेव्हा. मला कसं लक्षात आलं नाही?" आणि ते हिरानोबाईंकडं वळले, आधी कमरेत वाकले आणि मग सांगायला लागले. बराच वेळ सांगत होते. मधे एकदा वर कावळ्यांकडं हात केला, एकदा घराकडं केला.

बाई सगळं ऐकून झाल्यावर पानाजवळ गेल्या. वाकून बघितलं. आणि पहिल्यांदा जे बोलल्या ते असं, की वर पिवळं काय आहे?

"वरण. आन् तूप," शालन म्हणाली. "आन् लाडू."

बाईंनी मान हलवली. ओगातासाहेब म्हणाले, "त्या म्हणतात, ते गोड खात नसत. तेलकट-तुपकटही नाही."

शालननं कपाळाला हात लावला. "बघा, मग कसा शिवंल? इचारा बाईंना, काय आवडायचं त्यांना?"

"भातावर चहा ओतून खात असत," ओगातासाहेबांनी सांगितलं. "हिरवा चहा. वर एक खारवलेलं आंबट फळ."

"भातावर चहा?" शालननं माझ्याकडं बघितलं.

"मोठ्या माणसांची आवड. आपण कशाला बोला," मी म्हणलं.

बाई लगबगीनं घरी गेल्या. आल्या तेव्हा हातात एक बरणी आणि चहाची किटली. फळं त्यांनी स्वतः खारवलेली होती, लाल, सुरकुतलेली. दरवर्षी घालायच्या. वडील गेल्यावरही घालत होत्या, आणि खायला कुणी नव्हतं. शालननं वाटीत कोरा भात वाढला आणि पान मोकळं केलं. बाईंनी भातावर चहा ओतला, वर फळ ठेवलं, वाटी सरळ केली, परत जराशी फिरवून सरळ केली.

"आता काय मनातलं असंल ते बोलायचं," शालन म्हणाली. "सांगा त्यांना, काका. आमच्यात लेकीनं बोललेलं चालतंय."

लेकीनं बोललेलं आमच्यात फारसं चालत नाही खरं तर. पण मी गप बसलो.

बाई भिंतीपाशी उभ्या राहून बोलल्या. मोठ्यानं नाही, रडून नाही. घरातल्या माणसाला दुकानात काय काय घेतलं ते सांगावं, तसं. मधेच थांबायच्या, आठवायच्या, परत बोलायच्या. मग वाकल्या आणि मागं सरकल्या.

मी तारेकडं बघत होतो. मैदानात शेवटची चढाई असते आणि गुण बरोबरीत असतात, तेव्हा मी असा उभा राहतो. श्वास धरून.

तो मघाचाच टपोरा उतरला. वाटीच्या काठावर बसला. आधी ते लाल फळ उचललं, चोचीत धरलं, आणि थू करून टाकून दिलं. मग भातात चोच घातली. एकदा घातली, दोनदा घातली, आणि घास घेऊन उडाला.

"शिवला," शालन म्हणाली. एवढंच. आणि पदर डोळ्यांना लावला.

हिरानोबाई तोंडावर हात धरून हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. ओगातासाहेब म्हणाले, "त्या म्हणतात, बाबाही त्या फळाची बी अशीच थुंकत असत. अंगणभर."

समोरची खिडकी परत सरकली होती. ती शेजारीण खराटा घेऊन बाहेर आली. आता बोलणार, असं मला वाटलं. तिनं भिंतीखाली सांडलेली शितं झाडून घेतली, हिरानोबाईंजवळ गेली आणि त्यांच्या दंडाला जरा हात लावला. बाकीचे कावळे काही मिळत नाही बघून उडून गेले, आणि गल्ली परत गप झाली.

ओगातासाहेब सायकल उचलायला गेले तसा मी त्यांच्या मागं गेलो. "काय बोलल्या हो बाई वडलांशी?"

त्यांनी सायकलची घंटी पुसली. मग म्हणाले, "फारसं काही नाही. त्या आठवड्यात त्या मैत्रिणींबरोबर डोंगरात गेल्या होत्या. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. फोन लागत नव्हता. कुठल्या गाडीनं गेल्या, काय जेवल्या, पाऊस लागला, हे सगळं सांगितलं. म्हणाल्या, परत आल्यावर लगेच वडिलांकडे यायचंच होतं."

"एवढंच?"

"एवढंच. दोन वर्षांत त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, मानेसर. आम्ही सगळे समजत होतो की त्या इथेच होत्या आणि आल्या नाहीत."

मी त्यांच्या हातातली सायकल घेऊन भिंतीला टेकवून ठेवली.

मागं बघितलं तर हिरानोबाई शालनशी बोलत होत्या. एकीला जपानी येत होतं, दुसरीला मराठी, आणि दोघी बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मला धाकधूक होतीच. कावळा शिवला तसा म्हाताऱ्याचा प्रश्न सुटला, घराचं कठीण अजून कठीणच होतं. मी ओगातासाहेबांना ओढत आणलं. "विचारा की साहेब, आमचं काय?"

त्यांनी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं, चांगलं लांबलचक, एकेका बोटावर ठोकून.

"त्या म्हणतात," ओगातासाहेब म्हणाले, आणि मी डोळेच मिटले, "मंगळवारी प्लास्टिक. सोमवारी आणि गुरुवारी ओला कचरा. बाटल्या धुऊन ठेवायच्या, झाकणं वेगळी. आणि सकाळी आठनंतर बाहेर ठेवायचं नाही."

मी डोळे उघडले. "आणि कठीण?"

"कठीण असं काही म्हणाल्या नाहीत."

कचरा कुठल्या वारी ठेवायचा हे घर सोडणाऱ्याला कुणी सांगत नाही. गुडघा धड असता तर मी नाचलो असतो. भिंतीला टेकून खाली बसलो, आणि किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

"झाकणं कुठल्या वारी म्हणाल्या?" शालन घरात गेली होती, तिनं आतनं विचारलं.

"मंगळवारी."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.